धरणाच्या वर शंखच शंख, खाली नुसती टरफलं... असं काऊन?

बांधीतलं_पोरगं

नमस्कार मंडळी. मी एमएस्सी झूलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, गाव भंडारा जिल्ह्यात, धानाचा पट्टा. प्रोजेक्टसाठी नदीतले शंख घेतले, म्हणजे पाण्यातल्या गोगलगाई. खरं सांगतो, फुलपाखरं आणि पक्षी बाकीच्यांनी आधीच पळवले होते म्हणून माझ्या वाट्याला हे आलं. सर म्हणाले तुझ्या गावाजवळ धरण आहे, वीजघर आहे, वरचे आणि खालचे शंख मोजून तुलना कर, स्वस्तात होऊन जाईल. स्वस्तात तर होऊन राहिलं पण डोकं पार फिरून राहिलं. धरणाचं नाव इथं नाही टाकत, प्रोजेक्ट जमा होईपर्यंत गाईडनी नको म्हटलंय.

चार जागा घेतल्या. दोन धरणाच्या वर, साठलेल्या पाण्याच्या काठाला, तिथं इकॉर्निया (जलपर्णी) माजलाय. दोन खाली, एक वीजघरापासून अर्धा किलोमीटर आणि एक आमच्या गावाच्या घाटाजवळ. वर काय होते की इकॉर्नियाचं एक झाड उचललं की मुळांना नुसते शंखच शंख. चपटे, नाण्यासारखे गुंडाळलेले (इंडोप्लॅनॉर्बिस असावेत), त्यांच्यासारखेच पण एकदम बारके, मग पातळ टरफलाचे लिम्निया, आणि एक चकचकीत लहानसा ज्याचं तोंड डावीकडं उघडते. बेलामिया (झाकणवाले शंख) मोजकेच. खाली वीजघराजवळ दगड उलटून उलटून कंबर गेली, मिळाले फक्त ते लांब स्क्रूसारखे, तेही वाळू खरवडली तेव्हा. आणि काठावर बेलामियाची पांढरी पडलेली टरफलं ढिगानं, मधी मधी पायलाची मोठी टरफलं. जिवंत बेलामिया एक नाही.

आता मी लिहून टाकू का की धरणामुळं खालचे शंख मेले? शॅनन इंडेक्स (विविधता मोजायचा आकडा) काढला, वर जास्त आला, खाली एकदम कमी. सर म्हणतात झालं, निष्कर्ष लिही. पण मले वाटते काहीतरी चुकून राहिलं, कारण वरचे आणि खालचे शंख कमी-जास्त नाहीत, ते वेगळेच आहेत. टरफलं मोजायची का नाही तेही सांगा. आणि संध्याकाळी वीजघर सुरू झालं की पाणी गुडघाभर चढते आणि रात्रीतून उतरते, तर मोजायला जायचं कधी? मागच्या आठवड्यात चप्पल आणि चाळणी दोन्ही वाहून गेली.

रेतीघाट_७७

धरणाच्या नावानं बोंबलायची फॅशनच आहे आजकाल. भाऊ तुझ्या घाटावरून दिवसाला किती ट्रॅक्टर रेती जाते ते मोजलं का आधी? जिथं पावडं लागलं तिथं कोणता शंख राहील. आधी ते पाय, मग धरणाले शिव्या दे.

खडू_आणि_चाळणी

पोरा, प्रश्न चांगला विचारलास. तीस वर्षं कॉलेजात झूलॉजी शिकवलं, आता रिटायर आहे, त्यामुळं थोडं लांबेल, सांभाळून घे.

रेतीघाटवाल्यांचं म्हणणं टाकून देण्यासारखं नाही, त्यावर नंतर येतो. आधी तुझ्या यादीकडं बघ. वरचे बहुतेक सगळे आणि खालचा तो स्क्रूवाला, यांच्यात एक मोठा फरक आहे जो शॅननच्या आकड्यात दिसतच नाही. वरचे इंडोप्लॅनॉर्बिस, लिम्निया आणि तो डाव्या तोंडाचा (फायसा असणार, आता फायसेला अक्युटा म्हणतात, मूळचा उत्तर अमेरिकेतला, जगभर पसरलाय, घाण पाण्यात मजेत राहतो), हे सगळे फुफ्फुसवाले. पृष्ठभागावर येऊन हवा घेतात. पाण्यात ऑक्सिजन कमी असला, इकॉर्नियाखाली सडकं पाणी असलं तरी त्यांचं फारसं अडत नाही. आणि यांना झाकण नसतं, तपासून बघ. बारके चपटे म्हणजे गायरॉलस, तेही त्याच बिरादरीतले. इंडोप्लॅनॉर्बिस पक्का करायचा असेल तर हळूच दाब, लालसर पाणी सोडतो, त्याच्या रक्तात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं.

बेलामिया आणि स्क्रूवाला मेलॅनॉइडिस ट्युबरक्युलाटा हे कल्लेवाले. तोंडाला झाकण असतं. यांना पाण्यातलाच ऑक्सिजन लागतो. पायला मधला, त्याला कल्लाही आहे आणि फुफ्फुसाची पिशवीही, म्हणून उन्हाळ्यात तलाव आटला तरी झाकण लावून चिखलात पडून राहतो आणि पहिल्या पावसाला बाहेर येतो.

आता धरण काय करतं. वर वाहत्या नदीचा तलाव झाला, पाणी थांबलं, गाळ बसला, वनस्पती माजली, म्हणजे फुफ्फुसवाल्यांचं साम्राज्य. तुला वर 'विविधता जास्त' दिसते ती नदीची नाहीच, तलावाची आहे. एखाद्या मामा (माजी मालगुजारी) तलावात गेलास तर जवळपास हेच गडी भेटतील. धरण होण्याआधी त्या जागी कोण होतं ते तुझ्या आकड्यात कुठंय? म्हणून वर जास्त खाली कमी एवढं लिहिणं म्हणजे बैल आणि मासा एका तराजूत टाकण्यासारखं.

खाली वेगळाच खेळ. वीजघराला पाणी बऱ्याचदा जलाशयाच्या खोलीतून येतं. उन्हाळ्यात वरचं पाणी गरम आणि हलकं, खालचं थंड आणि जड, दोन्ही मिसळत नाहीत, तळाशी गाळ सडून ऑक्सिजन संपतो. तेच पाणी टर्बाइनमधून खाली येतं. सडक्या अंड्यांचा वास आला का कधी? दगडांवर काळसर थर आहे का? असेल तर लिहून ठेव. अर्थात धारेत आपटत खाली गेलं की पाणी परत हवा धरतं, म्हणून अर्ध्या किलोमीटरवर जे दिसतं ते पाच किलोमीटरवर दिसेलच असं नाही.

दुसरं म्हणजे रोजचं चढ-उतार. लिम्निया, फायसा, इंडोप्लॅनॉर्बिस अंडी जेलीच्या गोळ्यात दगडाला नाहीतर पानाला चिकटवतात, काठाजवळ उथळ पाण्यात. संध्याकाळी पाणी चढलं तेव्हा चिकटवली आणि सकाळी पाणी उतरलं की ती उन्हात. मे महिन्यातलं आपलं ऊन, काय उरणार? उलट मेलॅनॉइडिस आणि बेलामिया दोन्ही अंडी घालत नाहीत, पिल्लं पोटात वाढवून जिवंत सोडतात. मेलॅनॉइडिसला तर नरही लागत नाही, एकटी मादी वसाहत उभी करते, शिवाय दिवसभर वाळूत पुरून राहतो आणि रात्री बाहेर पडतो. तुला वाळू खरवडल्यावर मिळाला तो यामुळंच. म्हणजे खालच्या जागी कोण टिकतं याला दोन चाळण्या लागल्यात. एक ऑक्सिजनची, ती कल्लेवाल्यांना मारते. दुसरी चढ-उताराची, ती अंडी चिकटवणाऱ्यांना मारते. दोन्हीतून निसटणारा कोण, तर वाळूत घुसणारा, पिल्लं पोटात ठेवणारा, चिवट मेलॅनॉइडिस.

मग बेलामिया का नाही? तिथं मला उत्तर माहीत असल्याचा आव आणायचा नाही, तेच तुझं प्रोजेक्ट आहे. पहाटे ऑक्सिजन मोज, दुपारी नको, दुपारी शेवाळामुळं आकडा छान येतो आणि आपण फसतो.

टरफलं मोज पण जिवंतांपासून वेगळ्या रकान्यात. रिकामं टरफल पुरात कुठून कुठं वाहून येतं, ते त्या जागी मेलं असं समजू नकोस.

जाता जाता एक गोष्ट. अमेरिकेत अलाबामा राज्यात कूसा नावाची नदी आहे. १९१४ पासून साठच्या दशकापर्यंत तिच्यावर ओळीनं वीजनिर्मितीची धरणं झाली आणि खळाळत्या पाण्यातल्या तीसहून जास्त जातींच्या गोगलगाई कायमच्या गेल्या. जगात दुसरीकडं कुठं नव्हत्याच त्या. पण त्याच नदीतली ट्युलोटोमा नावाची एक, आपल्या बेलामियाच्याच कुळातली, पिल्लं देणारी, १९९१ ला धोक्यात म्हणून यादीत गेली आणि २०११ ला एक पायरी वर आली. मोठं कारण म्हणजे एका धरणाखाली कायम थोडं तरी पाणी वाहतं ठेवायला सुरुवात झाली. धरण तिथंच आहे, वीजही होते.

डोंगेवाला

सर तुम्ही भारी सांगता पण थोडं मीबी सांगतो. आमी ढिवर, माझ्या बाचं सगळं आयुष्य डोंग्यावर गेलं. बा सांगते की धरणाच्या आधी उन्हाळ्यात नदी बारीक होऊन जाये पण डोहात पाणी राहे, अन डोहाच्या काठाले मोठे शंख अन शिंपले इतके राहत की पाय ठेवाले जागा नाही. आजी त्या मोठ्या शंखाचं कालवण करे. आता धरणाखाली पाणी बाराही महिने आहे पण त्याले टाइम टेबल लागलं ना बाप्पा. संध्याकाळी लाइटची गरज वाढली का सोडते, मग बंद. शंखाले काय माहीत किती वाजले.

मी स्वतः पाह्यलं हाय, सकाळी पाणी उतरलं का काठाच्या वाळूत शंखाच्या रेघा दिसतात, पाण्याकडं चालत जाता जाता मधीच थांबलेल्या. रेघेच्या टोकाले शंख. नऊ-दहा वाजेपर्यंत कावळे साफ करतात.

अन ते पायलाचे टरफलं म्हणून राहिला ना तू, ते अख्खे होते का फुटके? अख्खे अन काठावर एका जागी ढीग असन त ते नदीनं नाही मारले, ते त्या उघड्या चोचीच्या बगळ्यानं खाल्ले. चोच बंद केली तरी मधी फट राहते त्याले. टरफल न फोडता आतलं ओढून घेते. एकेका झाडाखाली घमेलंभर सापडते.

झिंगे पण कमी झाले, बाच्या टायमाले जाळ्यात पोतं पोतं येत. त्याचा अन शंखाचा काही संबंध असन त सांगा.

बांधीतलं_पोरगं

@डोंगेवाला अख्खे होते भाऊ!! आणि एका करंजाच्या झाडाखालीच होते. मी तर फोटो काढून 'मृत्युदर' म्हणून स्लाइडमध्ये टाकला होता 😅 काढतो.

@खडू_आणि_चाळणी सर, सडक्या अंड्याचा वास येतो, सकाळी जास्त. मला वाटलं कोणीतरी काही टाकलं असेल. काळा थर पण आहे. झाकणाचं तपासलं, तुम्ही म्हणता तसंच आहे, वरच्या एकालाही झाकण नाही, बेलामिया सोडून. हे आधी कोणी सांगितलं असतं तर दोन महिने वाचले असते.

गुरांचा_डाक्टर

माझा विषय नदी नाही, गुरं आहेत, पण या शंखांशी माझं जुनं वैर आहे म्हणून लिहितो. कालव्याच्या लाभक्षेत्रात नोकरी केली आहे, जिथं उन्हाळी धानाला पाणी मिळतं तिथं. आधी बांधी (धानाचं बांधलेलं शेत) उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत राहायची, शंख मरायचे नाहीतर भेगांत दडायचे. आता पाणी सुटतं, कालव्याच्या काठाला गवत हिरवं, आणि त्या गवतात लिम्निया. त्याच्या पोटात लिव्हर फ्लूकची, म्हणजे यकृतातल्या चपट्या कृमीची अर्धी शाळा भरते. तिथून निघालेली पिल्लावळ ओल्या गवतावर चिकटून बसते, गाय ते गवत खाते. मग जबड्याखाली पाण्याची थैली लोंबते, दूध जातं, अंगावरचं मांस जातं, आणि मालक म्हणतो नजर लागली.

इंडोप्लॅनॉर्बिस दुसरा. त्याच्यातून येणारा एक रक्तातला कृमी गुरांच्या नाकात घर करतो, गाय-बैल घोरायला लागतात, नाकपुडीत फुलकोबीसारखी वाढ दिसते. म्हशीत बहुतेक बाहेरून काही दिसत नाही पण अंडी तिच्या नाकातूनही पाण्यात पडत राहतात. रोवण्याच्या वेळी बायांच्या पायाला बारीक पुरळ येऊन भयंकर खाज सुटते, त्यातली काही खाज याच कृमींच्या पिल्लांची असते. ती माणसाच्या कातडीत घुसतात पण पुढं त्यांची गाडी जात नाही, तिथंच मरतात. त्यामुळं पोरा, गमबूट घाल, चप्पल नको. तशीही ती वाहून गेलीच आहे म्हणा.

असल्याच रक्तातल्या कृमींचा माणसातला आजार, म्हणजे बिल्हार्झिया, म्हणाल तर महाराष्ट्रात त्याची एक जुनी नोंद रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावची आहे, १९५२ सालची, तिथं फेरिसिया नावाची टोपीच्या आकाराची इवलीशी गोगलगाय त्यात संशयित होती. आपल्याकडं उगाच घाबरायचं कारण नाही. पण धरण आणि शंख आणि आजार हे त्रिकूट खरं आहे. पश्चिम आफ्रिकेत सेनेगल नदीच्या मुखाजवळ १९८६ ला डायमा धरण झालं, समुद्राचं खारं पाणी वर येऊ नये म्हणून. गोड पाणी वाढलं, उसाचे कालवे वाढले, शंख वाढले आणि दोनेक वर्षांत रिशार-तोल नावाच्या गावात बिल्हार्झियाची साथ उठली.

@डोंगेवाला तुमच्या झिंग्यांचा संबंध इथंच लागतो बघा. त्या नदीत झिंगे होते जे शंख खायचे. त्यांची पिल्लं खाऱ्या पाण्यात वाढून मग नदीनं वर चढायची, धरणानं ती वाट अडवली. खाणारे गेले, शंखांना रान मोकळं झालं. आपल्या गोदावरी खोऱ्यातला मोठा झिंगाही खालून वर चढणारा आहे आणि मधे किती बंधारे ते तुम्हालाच जास्त माहीत.

उन्हाळी_धान

डॉक्टर साहेब, मग बांधीत आणि बोडीत (शेतातल्या लहान तळ्यात) मोरचूद टाकून शंख मारून टाकले तर? आमच्याकडं एक जण टाकते म्हणते.

गुरांचा_डाक्टर

नका टाकू. मोरचुदानं शंख मरतात हे खरं, मासेही मरतात, बेडूकही, आणि तांबं मातीत साचत राहतं. बोडी पुन्हा भरली की शंख पुन्हा येतातच, मासे मात्र विकत आणून सोडावे लागतात. त्यापेक्षा बदकं सोडा, गुरं कालव्याच्या काठाला चारू नका, पाणी हौदातून पाजा, आणि पावसाळ्याआधी-नंतर जंताचं औषध जवळच्या दवाखान्यात विचारून द्या. दुकानातून कुठलंही जंताचं औषध आणलं तर चपट्या कृमीवर चालेलच असं नाही, ते वेगळं असतं.

रेतीघाट_७७

सगळे विद्वान बोलले, माझा प्रश्न तसाच. रेतीचं काय?

खडू_आणि_चाळणी

बरोबर आहे, मी विसरलो नाही. तुमचा प्रश्न या पोराच्या प्रोजेक्टमधलं सगळ्यात मोठं भोक आहे.

धरण वरून येणारी रेती अडवतं. खाली रेती येत नाही आणि आहे तीही पाणी घेऊन जातं, त्यात घाटावरून ट्रॅक्टर. म्हणजे वाळूत राहणाऱ्या शंखाला आणि शिंपल्याला दोन्हीकडून मार. आता गावच्या घाटावर शंख कमी दिसले तर ते धरणानं की पावड्यानं, हे या एका जागेवरून कोणालाच सांगता येणार नाही. तर पोरा, घाटाची जागा काढू नको, पण तिच्याजवळच वरच्या अंगाला जिथून रेती उचलत नाहीत अशी एक जागा घे. आणि धरण नसलेली जवळची एखादी उपनदी घे, तीच खरी तुलना. जलाशयाच्या शेपटाच्याही वर, जिथं नदी अजून वाहते, तिथं एक. जागा सहा-सात झाल्या तरी चालेल, पण प्रत्येक जागी तेवढ्याच मापाच्या चौकटी टाक. बांबूच्या कामट्यांची अर्ध्या मीटरची चौकट पुरे. एकदा दगडावर, एकदा वाळूत, वाळू बोटभर खोल खरवडून चाळणीतून. नुसतं डोळ्यांनी वेचलंस तर मोठेच सापडतात आणि मेलॅनॉइडिसचं अर्धं कुटुंब सुटतं.

सगळ्याच धरणांखाली असं होतं असंही समजू नका. पेंचवर तोतलाडोहचं वीजघर १६० मेगावॅटचं, पण त्याचं पाणी थोडं खाली नवेगाव खैरीच्या धरणात झेललं जातं, तिथलं चढ-उतार पुढच्या नदीत तसंच्या तसं जात नाही. (तिथं जायचं सुचलं तर आधी वनखात्याची परवानगी, व्याघ्रप्रकल्प आहे तो.) गोसेखुर्दला आणखी वेगळं, तिथल्या साठ्यात नागपूरची नाग नदी कन्हानमार्गे मैला आणून ओतते, म्हणजे इकॉर्निया आणि फायसाचं माहेरघर झालं तर तो दोष भिंतीचा किती आणि शहराचा किती? प्रत्येक ठिकाणी वेगळं गणित.

पाण्याची वेळ. वीजघराच्या माणसांना आदल्या दिवशी विचारून जा, भोंगा झाला की सामान तिथंच टाकून वर ये. एकटा जाऊ नको. डोंगेवाल्यांना सोबत ने, चहा तू पाज.

डोंगेवाला

चहा नको, पोराले पोहता येते का ते विचारा आधी.

बांधीतलं_पोरगं

येते भाऊ, तलावात शिकलो.

तीन आठवड्यांनी लिहून राहिलो, माफ करा, मधी रोवणा होता, घरचे म्हणाले शंख कुठं पळून जात नाहीत. एका अर्थानं खरंच आहे ते.

सहा जागा झाल्या. कॉलेजातून पाण्यातला ऑक्सिजन मोजायची बाटली-किट उसनी घेतली आणि पहाटे पाचला डोंगेवाल्या भाऊसोबत गेलो. वीजघराखाली पहाटेचा ऑक्सिजन खरंच दुपारच्यापेक्षा बराच कमी आला, आणि जसजसं खाली गेलो तसतसा सुधारला. मधी एक खडकाची धार आहे, तिच्या खाली एकदम फरक. आणि त्या धारेच्या खालच्या डोहात, जिथं ट्रॅक्टर उतरूच शकत नाही, जिवंत बेलामिया! लहान-मोठे सगळे. घाटावर मात्र नाहीत, आणि घाटाच्या वरच्या अंगाला रेती न उचललेल्या जागी थोडे आहेत. म्हणजे रेतीघाट भाऊ तुमचंही खरं निघालं, आणि वास-ऑक्सिजनचंही. उपनदीत बेलामिया आहेतच, शिवाय तिथं एक जाडसर गोल टरफलाचा शंख मिळाला जो मला ओळखायच्या कुठल्याच तक्त्यात (की, key) बसवता येईना, त्याचे फोटो नंतर टाकतो.

काठावरच्या रेघा पण पाहिल्या. भाऊनं दाखवलं नसतं तर कळलं नसतं. एका सकाळी हातभर रुंद पट्ट्यात मोजल्या, पाण्यापर्यंत पोचलेल्या कमी, अर्ध्यातच थांबलेल्या जास्त. सरांना दाखवलं तर म्हणाले हे शॅननमध्ये कुठं टाकणार. मी म्हटलं टाकत नाही, वेगळं पान लावतो.

आता एक अडचण. डोहातले बेलामिया बादलीत घेऊन आलो. वाचलं होतं की आधी मेंथॉल टाकून सुस्त करायचे मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये. एसटी उशिरा आली, बादली रात्रभर अंगणात राहिली. सकाळी बघतो तर बादलीच्या तळाला राईएवढी पिल्लं चालून राहिली, टरफलासकट, झाकणासकट. आईनं घरात फिरून सगळ्यांना बोलावून दाखवलं. आता ही पिल्लं मोजणीत धरायची का नाही? चौकटीत तर ती नव्हती.

खडू_आणि_चाळणी

मोजणीत नको. पण वहीत लिही, कोणत्या जागेची मादी, किती वाजता बघितलं, पिल्लं किती. फॉर्मालिन वापरू नको, टरफलं खराब होतात, अल्कोहोलच बरोबर. प्रत्येक जागेचे पाच-सहा नमुने पुरेत, बाकीचे परत सोड. मादी-नर ओळखायचं असेल तर उजवं शिंग बघ, नराचं ते जाड आणि आखूड असतं.

त्या जाड गोल शंखाचा फोटो टाक, झाकण आतून-बाहेरून दोन्ही. झूलॉजिकल सर्व्हेचं १९८९ चं हँडबुक माझ्याकडं आहे, बघून सांगतो.

डोंगेवाला

पिल्लं डोहातच सोडजो, घाटावर नाही. सकाळी सहाच्या आत ये, नंतर कावळे येतात.